तुम्ही कोणत्या षटकांचे खेळाडू आहात?

वाचकांचे प्रश्न : खेळ आणि करिअर

मर्यादित षटकांच्या क्रिकेटमधील करिअरविषयी गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. काही पत्रे अल्पवयीन खेळाडूंविषयीची असल्यामुळे कोणाचेच नाव छापलेले नाही.

माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. तो मध्यमगती गोलंदाजी करतो आणि खालच्या क्रमांकावर येऊन चांगली फटकेबाजी करतो. दिवसभराचे लाल चेंडूचे सामने आता नकोत, फक्त टी-20 ची तयारी करायची, असा त्याचा हट्ट आहे. एका खासगी अकादमीने त्यासाठी दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुचवला असून त्याची फी आमच्या ऐपतीच्या अगदी काठावर आहे. केवळ मर्यादित षटकांच्या क्रिकेटवर पोट भरेल असे करिअर खरोखर असते का?
— एक पालक, कासारवडवली, ठाणे

असे करिअर असते, आणि ते चांगलेही असू शकते. मात्र त्याचा हिशेब लिलावाच्या दिवशी पडद्यावर झळकणाऱ्या आकड्यांवरून न मांडता देशांतर्गत हंगामावरून मांडावा, कारण बहुतेक खेळाडूंचे आयुष्य तिथेच जाते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने 2021 मध्ये देशांतर्गत मानधन वाढवले, तेव्हा अंतिम अकरांत खेळणाऱ्या नवोदिताला चार दिवसांच्या सामन्यांच्या रणजी करंडकात आणि एकदिवसीय सामन्यांच्या विजय हजारे करंडकात दिवसाला 40 हजार रुपये, तर सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या टी-20 सामन्याला 17 हजार 500 रुपये ठरले. आपला मुलगा उद्या मुंबईच्या संघात आला आणि प्रत्येक स्पर्धेतले सात सामने त्याला मिळाले, असे धरू. हजारे करंडकाचे 2 लाख 80 हजार आणि मुश्ताक अली करंडकाचे 1 लाख 22 हजार 500 मिळून वर्षाचे जेमतेम चार लाख होतात. तोच मुलगा रणजीचे सात सामने खेळला, तर चार दिवसांच्या हिशेबाने त्या एका स्पर्धेचेच 11 लाख 20 हजार होतात. जो खेळ त्याला आज कंटाळवाणा वाटतो आहे, घर चालवण्याची ताकद त्याच खेळात अधिक आहे, हे त्याला कागदावर मांडून दाखवा.

आयपीएलचे आकडे अर्थातच वेगळे आहेत. 2025 च्या हंगामापासून तिथली सर्वांत कमी मूळ किंमत 30 लाख रुपये आहे आणि प्रत्यक्ष खेळलेल्या प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख निराळे मिळतात. पण दहा संघांत प्रत्येकी फार तर 25 खेळाडू, त्यांतले आठ परदेशी, म्हणजे भारतीय खेळाडूंसाठी साधारण 170 जागा उरतात, आणि त्यांवर नजर ठेवून असलेले देशांतर्गत संघ 38 आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मर्यादित षटकांच्या संघात खेळाडू घेतला जातो तो एका नेमक्या कामासाठी. टी-20 मध्ये पहिल्या सहा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक उभे करता येतात आणि पुढे पाच. गोलंदाजाच्या वाट्याला चारच षटके, म्हणजे 24 चेंडू येतात. ते 24 चेंडू आपला मुलगा कोणत्या टप्प्यात टाकणार आहे? नवा चेंडू हलवणारा, मधल्या षटकांत वेग बदलून धावा रोखणारा आणि शेवटच्या चार षटकांत यॉर्कर (थेट फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू) टाकणारा, हे तीन वेगवेगळे गोलंदाज आहेत, आणि निवड समितीच्या बैठकीत त्यांची नावे तीन वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेली असतात. 'मध्यमगती गोलंदाजी करतो आणि फटकेही मारतो' एवढ्या वर्णनाची मुले ठाणे जिल्ह्यातील प्रत्येक निवड चाचणीला रांगेत उभी असतात. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिला प्रश्न हाच विचारतो, की तू कोणत्या षटकांचा खेळाडू आहेस. उत्तर यायला कधीकधी वर्ष लागते, पण ते आल्यावर सरावाची दिशा एकदम पालटते.

घोडबंदर रस्त्याकडच्या एका टर्फवर सकाळी साडेसहाला येणारा एक मुलगा मी गेली दोन वर्षे पाहतो आहे. तो पाण्याने अर्धी भरलेली बादली रनअपच्या शेजारी ठेवतो, पांढरा चेंडू त्यात बुडवतो, टॉवेलने अर्धवट पुसतो आणि क्रीजवर ठेवलेल्या जुन्या बुटांच्या जोडीवर यॉर्कर टाकतो. रात्रीच्या सामन्यात दव पडले की चेंडू साबणाच्या वडीसारखा हातातून निसटतो, आणि त्याची सवय बोटांना आधीच असावी लागते. तो मोजून 24 चेंडू टाकतो, बुटाला किती लागले ते वहीत लिहितो आणि थांबतो. सुरुवातीला त्याच्या वहीत तीन-चारचे आकडे होते. परवा त्याने अकरा लिहिले. 'शेवटच्या षटकांचा गोलंदाज' म्हणजे काय, ते मला त्या वहीत दिसते.

लाल चेंडू, म्हणजे रणजी-कसोटीसारखे अनेक दिवसांचे क्रिकेट, मात्र सोडू देऊ नका. पुण्याचा केदार जाधव भारताकडून 73 एकदिवसीय सामने खेळला आणि एकही कसोटी खेळला नाही. म्हणजे मर्यादित षटकांचा खेळाडू कोणाला म्हणावे, तर त्यालाच. पण 2014 मध्ये त्याच्यासाठी भारतीय संघाचे दार उघडले, त्यामागे 2013-14 च्या रणजी हंगामातील त्याच्या 1223 धावा होत्या. दिवसभर उन्हात फलंदाजी करून कमावलेला तोल घेऊन तो सहाव्या क्रमांकावर आला आणि जानेवारी 2017 मध्ये गहुंजे येथे इंग्लंडविरुद्ध 351 धावांचा पाठलाग करताना 76 चेंडूंत 120 धावा करून गेला. जसप्रीत बुमराचा प्रवास उलट दिशेचा आहे. 2013 मध्ये आयपीएल, 2016 च्या जानेवारीत एकदिवसीय आणि 2018 च्या जानेवारीत कसोटी अशा क्रमाने तो वर आला. लाल चेंडू आणि मर्यादित षटकांचा पांढरा चेंडू यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे या दोघांपैकी कोणाकडे पाहून म्हणता येईल?

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मी 19 वर्षांचा असताना माझ्या एका प्रशिक्षकांनी पाठदुखीकडे 'वाढत्या वयाचे दुखणे' म्हणून दुर्लक्ष केले आणि मी सहा आठवडे तसाच गोलंदाजी करत राहिलो. ते कमरेच्या मणक्याचे ताणामुळे झालेले अस्थिभंग होते, आणि त्यानंतर मी पूर्वीच्या वेगाने कधीही चेंडू टाकू शकलो नाही. सतरा ते एकवीस या वयात वेगवान गोलंदाजाच्या पाठीची हाडे पूर्ण पक्की झालेली नसतात. मुलगा कंबर धरून घरी आला, तर दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. अकादमीची फी भरण्याआधी तिथे प्रत्येक मुलाने आठवड्यात टाकलेल्या चेंडूंची नोंद ठेवली जाते का, हे विचारा. नोंद ठेवत नसतील, तर तिथे पैसे भरू नका. निवडीची हमी देत असतील, तर अजिबातच भरू नका. अशी हमी कोणालाही देता येत नाही.

आम्ही खारघरला राहतो. आमच्या मुलाने मुंबईच्या निवड चाचणीला जायचे की महाराष्ट्राच्या?
— एक पालक, खारघर

ठाणे जिल्हा मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या कार्यक्षेत्रात येतो, तर रायगड जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनशी जोडलेला आहे, आणि खारघर रायगड जिल्ह्यात असल्यामुळे आपला गोंधळ स्वाभाविक आहे. निवासाचा पुरावा, शाळेचा दाखला आणि जन्मदाखला घेऊन आधी दोन्ही कार्यालयांत पात्रतेची चौकशी करा, मगच अर्ज भरा. सोळा वर्षांखालील मुलांची मंडळाकडून हाडांच्या वयाची तपासणी होते, त्यामुळे जन्मदाखल्यातील तारखेबाबत कोणाच्याही सांगण्यावरून काहीही करू नका. एका चुकीच्या कागदाने मुलाची उमेदीची वर्षे बंदीत जातात.

मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या काळी चांगला खेळाडू कोणत्याही सामन्यात चांगलाच असे. फक्त एकदिवसीय किंवा फक्त टी-20 खेळणारा खेळाडू हा प्रकार कधी सुरू झाला? यात खेळाचे नुकसान झाले असे आपल्याला वाटत नाही का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

आपण म्हणता तो काळ अगदी खरा आहे. 5 जानेवारी 1971 रोजी मेलबर्नला पावसाने वाया गेलेल्या कसोटीच्या बदल्यात पहिला एकदिवसीय सामना झाला, तेव्हा दोन्ही संघांत कसोटीचेच खेळाडू होते. भारताचा पहिला एकदिवसीय सामना 13 जुलै 1974 रोजी हेडिंग्ले येथे झाला. कर्णधार आपले अजित वाडेकर होते आणि त्यांनी 67 धावा केल्या. पुढल्या वर्षी पहिल्या विश्वचषकात इंग्लंडने 60 षटकांत 334 धावा केल्या आणि सुनील गावसकर 174 चेंडूंत 36 धावांवर नाबाद राहिले. त्या खेळीविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. मला त्यात एवढेच दिसते, की जगातल्या सर्वोत्तम सलामीवीरांपैकी एकालाही हा नवा खेळ अजून आपलासा झालेला नव्हता. त्याच गावसकरांनी 31 ऑक्टोबर 1987 रोजी नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध 88 चेंडूंत नाबाद 103 धावा केल्या. ते त्यांचे एकदिवसीय सामन्यांतले एकमेव शतक होते. मोठा खेळाडूही नवे काम शिकतो आणि त्याला बारा वर्षे लागू शकतात, हे या दोन खेळ्यांमधल्या अंतरात दिसते.

स्वतंत्र खेळाडू ठळकपणे दिसू लागले ते 1990 नंतर. ऑस्ट्रेलियाचा मायकेल बेव्हन 232 एकदिवसीय सामने खेळला आणि त्याची सरासरी 53.58 होती, कसोटी सामने अवघे 18. आपला रॉबिन सिंग 136 एकदिवसीय सामने खेळला आणि कसोटी फक्त एक. वेस्ट इंडीजचा कायरन पोलार्ड 123 एकदिवसीय आणि 101 आंतरराष्ट्रीय टी-20 सामने खेळला, पण कसोटीत कधीच उतरला नाही. मुंबईकरांनी तर त्याला 2010 पासून मुंबई इंडियन्सच्या संघात डोळ्यांसमोर पाहिले आहे. या तिघांचा क्रमांक आणि काम ठरलेले होते. डाव कोसळत असताना बेव्हन पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊन एकेरी-दुहेरी धावांनी तो शेवटपर्यंत नेई, आणि त्या एका कामात त्याच्या तोडीचा माणूस त्या काळात नव्हता.

काम बदलले की माणूस कसा बदलतो, याचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. सचिन तेंडुलकरला एकदिवसीय सामन्यांतले पहिले शतक करायला 79 सामने लागले, कारण सुरुवातीची वर्षे तो मधल्या फळीत खेळत होता. 27 मार्च 1994 रोजी ऑकलंडला नवज्योतसिंग सिद्धूची मान आखडली, वीस वर्षांच्या या मुलाने सलामीला जाण्याची परवानगी मागितली आणि 49 चेंडूंत 82 धावा केल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिले शतक आले आणि पुढे 463 सामन्यांत 49 शतके झाली. प्रतिभा तीच होती, फक्त षटके बदलली.

नुकसानीविषयी म्हणाल, तर मला ते खेळापेक्षा खेळाडूचे अधिक वाटते. एका कामावर निवडलेला माणूस ते काम बिघडले की पर्याय न देता वगळला जातो, आणि पाच दिवसांच्या खेळात मिळणारी चूक सुधारण्याची सवड त्याला मिळत नाही. आपल्यासारख्या जाणत्या प्रेक्षकांनी अशा खेळाडूला कमी प्रतीचा मानू नये, एवढी विनंती करावीशी वाटते.

गेल्या वर्षीचा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना माझ्या मुलीने डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये बसून पाहिला आणि तेव्हापासून तिने क्रिकेटपटू होण्याचे मनावर घेतले आहे. ती 13 वर्षांची आहे, ऑफस्पिन टाकते. मुलींसाठी यात भविष्य आहे का? दहावीपर्यंत थांबवावे का?
— एक आई, नेरुळ

थांबवू नका. मुलांना मी लाल चेंडू सोडू नका म्हणून सांगतो, पण मुलींची परिस्थिती वेगळी आहे. आपल्याकडील महिला क्रिकेटमध्ये एकदिवसीय आणि टी-20 स्पर्धाच प्रामुख्याने होतात, त्यामुळे मुलीचे करिअर बहुतांशी मर्यादित षटकांचेच असते. ऑक्टोबर 2022 मध्ये मंडळाने महिला आणि पुरुषांचे आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मानधन समान केले. एकदिवसीय सामन्याला सहा लाख आणि टी-20 ला तीन लाख. महिला प्रीमियर लीगचा पहिला सामनाही 4 मार्च 2023 रोजी आपल्या नेरुळलाच झाला. भारतीय पुरुष खेळाडूंना निवृत्तीपूर्वी परदेशी टी-20 लीग खेळण्याची मुभा नाही, महिलांना मात्र ती आहे. सांगलीची स्मृती मानधना आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधील लीग खेळून आल्या, आणि त्याचा फायदा त्यांच्या खेळात दिसतो.

2 नोव्हेंबर 2025 च्या त्या रात्री आपल्या मुलीने जे पाहिले, त्यातली एक गोष्ट तिच्याशी पुन्हा बोला. शफाली वर्मा मूळ संघात नव्हती. प्रतिका रावल जखमी झाल्यामुळे उपांत्य सामन्याच्या तोंडावर तिला बोलावले गेले. अंतिम सामन्यात तिने सलामीला 87 धावा केल्याच, पण क्वचितच टाकत असलेल्या ऑफस्पिनवर दोन बळीही घेतले आणि भारत 52 धावांनी जिंकला. दीप्ती शर्माने 58 धावा आणि पाच बळी अशी दोन्ही कामे चोख केली. पहिले काम संघात जागा मिळवून देते, दुसरे काम ती जागा टिकवते. म्हणून आपली मुलगी ऑफस्पिन टाकत असेल, तर तिला सातव्या-आठव्या क्रमांकावर येऊन षटकाला आठ धावा काढण्याचाही सराव करू द्या आणि सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात फेक पोहोचेल इतका खांदा हळूहळू तयार करू द्या.

शाळेचे म्हणाल, तर सकाळचा सराव आणि दुपारची शाळा हे गणित नेरुळमध्ये जमण्यासारखे आहे. मैदानासाठी सीएसएमटीपर्यंत किट घेऊन हार्बरच्या गर्दीत चढण्याची वेळ आली, तर पहिली दोन वर्षे कोणीतरी मोठे सोबत जा. गर्दीला आणि अंतराला कंटाळून खेळ सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीचीही गोलंदाजी कमी पडली नव्हती. त्या रात्री भारतीय संघाचे प्रशिक्षक असलेले अमोल मुजुमदार 171 प्रथम श्रेणी सामने खेळले, 11 हजारांहून अधिक धावा केल्या आणि भारताकडून एकदाही खेळू शकले नाहीत. खेळाडू म्हणून न उघडलेले दार त्यांना प्रशिक्षक म्हणून उघडले, हेही मुलीला केव्हातरी सांगा.

मी 24 वर्षांचा आहे, महापे येथे गोदामात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळतो. वेगवान गोलंदाज म्हणून संघ मला पैसे देऊन बोलावतात. आता सीझन बॉलकडे, म्हणजे कातडी चेंडूच्या क्रिकेटकडे, वळण्याचे माझे वय गेले आहे का?
— एक खेळाडू, घणसोली

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही खोट्या आशेशिवाय द्यायचे आहे. टेनिस बॉल क्रिकेट आता स्वतःच एक मिळकतीचा मार्ग झाला आहे. मार्च 2024 मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर दहा षटकांच्या सामन्यांनी खेळला गेला, आणि त्यातून गल्लीतल्या खेळाडूंना लिलाव पाहायला मिळाला. त्यामुळे हातातले उत्पन्न सोडून देऊन सीझन बॉलकडे वळा, असे मी सांगणार नाही.

वयाविषयी मात्र धीर धरा. सूर्यकुमार यादवने 2010 मध्ये मुंबईसाठी प्रथम श्रेणी पदार्पण केले आणि भारताकडून टी-20 खेळायला त्याला मार्च 2021 उजाडला. तेव्हा तो तिशीत होता. प्रवीण तांबे 2013 मध्ये आयपीएलमध्ये आले, तेव्हा 41 वर्षांचे होते आणि त्याआधी एकही प्रथम श्रेणी सामना खेळलेले नव्हते. पुढच्याच हंगामात त्यांनी हॅट्ट्रिक घेतली. पण तांबे लेगस्पिनर आहेत आणि मैदानावरच्या क्लब क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षे सीझन बॉलच टाकत होते. वेगवान गोलंदाजाच्या शरीराला एवढी वाट पाहता येत नाही, म्हणून आपल्याकडे दोन-तीन हंगाम आहेत असे धरून चाला.

सीझन बॉल साधारण 156 ते 163 ग्रॅम वजनाचा असतो. टेनिस बॉल वेगाने टाकण्यासाठी आपण खांद्याला जो हिसका देता, तो या वजनाला दिला तर खांदा महिनाभरात दुखू लागेल. पहिले दोन महिने अर्ध्या रनअपने, शिवण सरळ ठेवून, एका दिवसात तीस चेंडूंहून अधिक न टाकता सराव करा. आपला यॉर्कर टेनिस बॉलमुळे आधीच घोटलेला असणार, म्हणजे शेवटच्या षटकांचे काम आपल्याला निम्मे येते. नव्या चेंडूवर आखूड-लांब टप्प्याची शिस्त मात्र मुळापासून शिकावी लागेल. पावसाळ्यात होणारी कांगा लीग खेळणाऱ्या ठाण्यातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या क्लबच्या नेटवर पावसाळ्याआधी जा आणि तिथल्या सचिवांना सांगा, की मी शनिवारी-रविवारी येऊ शकतो आणि शेवटची षटके टाकतो. ओल्या खेळपट्टीवर भिजलेला चेंडू हातात येईल, तेव्हा पहिल्या सामन्यात कदाचित चार षटकांत पन्नास धावा जातील. दुसऱ्या सामन्यालाही जा, आणि तिसऱ्यानंतर मला पुन्हा पत्र लिहा.